तेराव्या डायरेक्टरचा चहा

गावाचं नाव सांगत नाही. खुटबावच्या आसपास आहे एवढं पुरे; दोन्ही पॅनेलची माणसं अजून धडधाकट आहेत आणि त्यांतल्या काहींना वाचताही येतं. तर या गावात भैरू कोकरे नावाचा माणूस दिवसाला बावीस कप चहा प्यायचा. बावीस हा आकडा त्याच्या बायकोचा, भामाबाईचा. भैरू स्वतः 'धा-बारा आसंल' म्हणायचा. पण पिणाऱ्याच्या मोजणीवर कुणी विश्वास ठेवू नये, मग ते पिणं कसलंही असो.

कुणाला वाटेल, माणूस हावरा होता. अजिबात नाही. घरी भामाबाईनं केलेला चहा तो अर्धाच घ्यायचा, बोलण्याच्या नादात गारही करून टाकायचा. त्याला चहाची तलफ नव्हती, चहाच्या बोलावण्याची होती. रस्त्यानं जाताना एखाद्या ओट्यावरून "ओ भैरूराव, या चहाला" अशी हाक आली की त्याच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. मग तो आदल्याच ओट्यावर दोन कप पिऊन आलेला असला तरी काही बिघडत नसे.

याचं कारण जुनं होतं. भैरूचा जन्म मेंढरांमागचा. वयाच्या तिशीपर्यंत तो आधी बापाबरोबर आणि मग बापाशिवाय रानोरान हिंडला. शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घ्यायचे, रानाला खत मिळायचं, मेंढक्याला पायलीभर ज्वारी मिळायची. वर चहाही मिळायचा, खोटं कशाला बोला. पण तो मागच्या दाराशी. आपली जर्मनची वाटी आपण आणायची, दोन्ही हातांनी पुढं धरायची आणि वरून किटलीची धार यायची. गावातले मोठे जमीनदार म्हणजे बापूसाहेब; त्यांच्या वाड्यामागं भैरूची आई अशी वाटी धरून उभी राहायची आणि लहानगा भैरू तिचा पदर धरून. अपमान करावा असं कुणाच्या मनात नव्हतं, रीतच तशी होती. मला विचाराल तर ती रीत भिकार होती.

पुढं कालव्याला पाणी आलं. भैरूनं मेंढरं विकून चार एकर रान घेतलं, ऊस लावला. एक्क्याण्णव साली त्याचा पहिला ऊस कारखान्याला गेला, आणि कारखान्याची पावती खिशात घालून तो घराकडं निघाला असताना बापूसाहेबांनी पुढच्या ओट्यावरून हाक मारली, "भैरूराव, या की चहाला." त्याच्या नावाला 'राव' लागायची ती पहिली वेळ. बसायला खुर्ची दिली. निळ्या फुलांचा कप दिला, खाली बशी. भैरूनं त्यातला अर्धा चहा धोतरावर सांडला आणि उरलेला कसा लागला हे त्याला कधीच आठवलं नाही. घरी येऊन त्यानं भामाबाईला ती हकिकत तीनदा सांगितली. तेव्हापासून गावात कुणीही चहा विचारला आणि भैरू नको म्हणाला, असं घडलं नाही.

त्याचा जावई कारेगावला कंपनीत होता. तो एकदा सांगत होता की तिथं बटण दाबलं की मशीन चहा देतं, कुणाला या म्हणावं लागत नाही. भैरूला जावयाची फार दया आली.

दोन हजार चार साली गावच्या विकास सोसायटीची निवडणूक लागली. तेरा डायरेक्टर. सहा बापूसाहेबांच्या पॅनेलचे निवडून आले, सहा त्यांच्या पुतण्याच्या, विक्रमच्या पॅनेलचे. चुलता-पुतण्याची घरं एका भिंतीला लागून होती, पण दोन वर्षं बोलणं बंद होतं. तेरावी जागा भटक्या जमातींसाठी राखीव. त्या जागेवर भैरू बिनविरोध आला, कारण दाखला तेवढा त्याच्याकडं तयार होता. आता चेअरमन कोण, हे भैरूच्या एका मतावर येऊन ठेपलं आणि बावीस कपांचे सव्वीस झाले.

निकालानंतरच्या आठवड्यात बापूसाहेबांच्या ओट्यावर बसला असताना भैरूच्या हातातली बशी थडथड वाजायला लागली. त्यानं दुसऱ्या हातानं धरली, तर दोन्ही हात वाजायला लागले आणि सगळा चहा बापूसाहेबांच्या परीटघडीच्या धोतरावर गेला. बापूसाहेब "आसू द्या, आसू द्या" म्हणाले. मत पदरात पडायचं होतं, म्हणून धोतराचं काही वाटलं नाही. पण भामाबाईला वाटलं. निकालापासून हा माणूस झोपला नव्हता, पहाटे उठून छातीवर हात ठेवून बसायचा आणि म्हणायचा, "आत कुणीतरी हलगी वाजवतंय." तिनं त्याला एसटीत घातलं आणि दौंडला डॉक्टरकडं नेलं.

डॉक्टरांनी छातीची पट्टी काढली, नाडी बघितली आणि विचारलं, "चहा किती?"

"धा-बारा."

"सव्वीस," दाराजवळून भामाबाई म्हणाली.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "कोकरे, हृदय तुमचं ठणठणीत आहे. पण चहात कॅफिन म्हणून एक पदार्थ असतो. थोडा पोटात गेला तर माणूस ताजातवाना होतो. तुम्ही पिता तेवढा गेला की छाती धडधडते, हात कापतात, झोप उडते, पोटात जळजळ होते. सव्विसाचे दोन करा. एकदम तोडू नका, हळूहळू कमी करा, नाहीतर चार-आठ दिवस डोकं दुखेल."

भैरूनं नीट विचार केला. "गाळणीनं निघत न्हाई का त्ये?"

"नाही."

"दूध जादा वतलं तर?"

"नाही."

"मंग लई येळ उकाळला तर उडून जात आसंल."

"उलट जास्त उतरतं," डॉक्टर म्हणाले. तेवढ्यात कंपाउंडर चहाचे दोन कप घेऊन आला. डॉक्टरांचा हात सवयीनं पुढं झाला, "घ्या, चहा घ्या कोकरे." भैरूनं भामाबाईकडं बघितलं. भामाबाईनं डॉक्टरांकडं बघितलं. डॉक्टर ओशाळले आणि परत कशाला पाठवायचा म्हणून दोन्ही कप स्वतःच प्यायले.

भैरूचा स्वभाव एकमार्गी. हळूहळू वगैरे त्याला जमणारं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बापूसाहेबांनी हाक मारली तेव्हा तो ओट्यावर चढला, खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "आज चहा नगं."

ओट्यावर कुणीतरी पानाला चुना लावत होता, त्याचं बोट तसंच राहिलं.

"नगं म्हंजी?" बापूसाहेबांनी विचारलं.

"डागदरनी नगं सांगितलाय."

बापूसाहेबांची राजकारणात चाळीस वर्षं गेलेली. मतदानाच्या तोंडावर माणूस आजारानं आजारी पडत नाही, हे त्यांना पाठ होतं. आणि आमच्याकडं एखाद्या घरचा चहा सोडणं म्हणजे काय, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. भांडण झालं की आधी चहापाणी बंद होतं आणि मिटलं की आधी चहा होतो. कोर्टाचा कागद त्याच्या मागून येतो. भैरू ओट्याच्या पायऱ्या उतरायच्या आत एक माणूस मोटारसायकलवर दौंडला गेला, तो डॉक्टर विक्रमच्या सासुरवाडीचा कोण लागतो ते बघायला.

दहाच्या सुमारास विक्रमला बातमी कळली की भैरूनं चुलत्याच्या घरचा चहा सोडला. त्यानं लगेच बायकोला, नीलमला, वेलदोडा घालून चहा टाकायला सांगितला आणि भैरूला हाताला धरून ओट्यावर नेलं. भैरूनं तिथंही हात जोडले, "नगं बाबा."

दोन्ही घरचा चहा नको, याचा अर्थ ज्योतिबाच्या हॉटेलात बारा वाजेपर्यंत लागला: भैरू स्वतःच चेअरमनला उभा राहतोय. तिसरी आघाडी. दुपारी एक जण ज्योतिबाला कोपऱ्यात घेऊन म्हणाला की वरून तालुक्याचा हात असणार, त्याशिवाय माणूस एवढं धाडस करत नाही. चार वाजता बापूसाहेबांच्या पॅनेलमधले हौसराव उसाच्या बांधावरून, कुणाला दिसू नये असे वाकत वाकत भैरूच्या घरी आले.

"भैरूराव, म्या तुमच्या संगं हाय. फकस्त व्हाईस चेअरमनचं बगा."

"आवं, माझं डोस्कं दुखतंय," भैरू म्हणाला.

"कळलं," हौसराव डोळा मिचकावून म्हणाले. "कुणाला बोलत न्हाई."

डोकं खरंच दुखत होतं. सव्विसावरून शून्यावर आलेलं डोकं ते, फुटायचंच बाकी होतं. पण भैरूला त्याचं दुःख नव्हतं. संध्याकाळी तो मुद्दाम गावातून चक्कर मारून आला होता, आणि तीन ओट्यांवरच्या माणसांनी तो दिसताच लिंबाच्या झाडाकडं वर बघितलं होतं. हाक एकही नाही. घरी येऊन तो भिंतीला टेकून बसला आणि म्हणाला, "भामे, मानसातनं उठलो गं म्या."

भामाबाईला त्याची कीव आली आणि रागही आला. चहा प्यायला तर हा माणूस छातीवर हात धरून जाणार, नाही प्यायला तर असा बसून बसून जाणार. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं बांधावरचा गवती चहा ओटीभर कापला, पदराखाली घेतला आणि गावातल्या घरांच्या मागच्या दारांनी फिरली. आधी बापूसाहेबांच्या साखरबाई, मग भिंतीपलीकडची नीलम, मग ज्योतिबाच्या हॉटेलची चूल सांभाळणारी त्याची बायको गीताबाई. मग बाकीच्या. सगळ्यांना एकच सांगितलं: आमच्या ह्यांच्या कपात पावडर टाकायची नाही. पळीत साखर काळी होईस्तोवर करपवायची, त्यात पाणी, आलं, गवती चहा, वर दूध. रंग हुबेहूब येतो. पुरुषांना यातलं काही कळू द्यायचं नाही.

पुरुषांना काही कळू द्यायचं नाही म्हटल्यावर बायका मनापासून तयार झाल्या. साखरबाई आणि नीलम पॅनेलच्या भांडणापायी दोन वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. पण नीलमनं त्यात चिमूटभर सुंठ घालून बघितली आणि ती सुधारणा दुसऱ्याच दिवशी भिंतीवरून साखरबाईंच्या चुलीपर्यंत पोचली. दोन पॅनेलमध्ये त्या साली एवढाच काय तो समझोता झाला.

भैरूला भामाबाईनं शक्तीच्या गोळ्यांची डबी दिली. "ह्यी गोळी सकाळी एक खायाची. मंग दिसभर किती बी चहा प्या. त्या गोळीनं कॅफिन मरतंय."

"डागदर तर कायच बोल्ला न्हाई."

"त्येला येळ कुटाय? कंपाउंडरनी सांगितलं."

भैरूनं गोळी खाल्ली आणि बापूसाहेबांच्या ओट्यावर जाऊन, मिशीला फेस लावून, सलग दोन कप प्यायला. गावानं सुटकेचा निःश्वास टाकला. तिसरी आघाडी दुपारपर्यंत संपली. हौसराव तेवढे पुढं महिनाभर भैरूला बघून डोळा मिचकावत राहिले.

डोकं आणखी चार-पाच दिवस दुखलं, मग थांबलं. भैरूला झोप लागायला लागली. हात स्थिर झाला, छातीतली हलगी बंद पडली. तो दिवसाला बावीस-पंचवीस कप पीत होता आणि वीस वर्षांच्या गड्यासारखा उसाला पाणी देत होता. ओट्याओट्यावर बसून तो लोकांना समजवायचा, "चहाचा कायबी दोष नस्तो. कॅफिनचा आस्तोय. म्या त्येच्यावर गोळी चालू केलीया." दोघा-तिघांनी त्या गोळ्या आणल्यासुद्धा. पडद्याआड उभ्या असलेल्या बायका तोंडाला पदर लावून ऐकायच्या. कधी तो कौतुकानं म्हणायचा, "हल्ली समद्या गावात पावडर लई झ्याक आलीया," तेव्हा साखरबाईंना आत जाऊन बसावं लागायचं.

दरम्यान कुणीतरी कोर्टात हरकत घेतली आणि चेअरमनची निवड अकरा आठवडे लांबली. या अकरा आठवड्यांत भैरूनं बापूसाहेबांना सांगितलं, "मत तुमचंच की." विक्रमलाही सांगितलं, "मत तुमचंच की." तो लबाड नव्हता. ज्या ओट्यावर बसलेला असायचा, तिथून उठेपर्यंत तो मनापासून त्यांचाच असायचा. पण तारीख जाहीर झाली आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. शिक्का एकाच नावावर मारायचा होता. कुठंही मारला तरी एका ओट्याची हाक कायमची जाणार होती.

"एक घर जानार," तो भामाबाईला म्हणाला. "कुटलं जाऊ दिऊ, त्ये सांग."

भामाबाईला सगळ्याच घरांच्या चुली ठाऊक होत्या, तिची तशी अडचण नव्हती.

निवडीच्या दिवशी दोन्ही पॅनेलना धाक होता की समोरचा भैरूला जीपमध्ये घालून महाबळेश्वरला नेईल. मग असं ठरलं की सकाळी नऊपासून त्याला सोसायटीच्या ऑफिसात बसवायचं, एक माणूस यांचा, एक माणूस त्यांचा, आणि दोन वाजता अधिकारी आले की मतदान घ्यायचं. राहता राहिला चहा. गावातला चहा पाजायला दोघंही तयार होईनात. ज्योतिबा नक्की कुणाचा, याची कुणाला खात्री नव्हती. बापूसाहेबांनी चौफुल्याहून थर्मास मागवला, विक्रमनं पाटसहून. हायवेवरचा चहा तो, ट्रक ड्रायव्हरला पुण्यापर्यंत जागा ठेवणारा.

साडेनऊला चौफुल्याचा पहिला कप आला. यांचा घेतला म्हणून पाटसचाही घ्यावा लागला. पाटसचा दुसरा आला म्हणून चौफुल्याचाही दुसरा. अकरा आठवडे ज्या अंगात चहाचा थेंब गेला नव्हता, त्यात साडेबारापर्यंत अकरा कप गेले. भामाबाईला कळताच तिनं आपला थर्मास भरून पाठवला, पण दोघा राखणदारांनी तो दारातच अडवला. झाकण उघडून वास घेतला. गवती चहाचा वास आला तेव्हा त्यांचा संशय बळावला, आत चिठ्ठी असणार. त्यांनी सगळा थर्मास मोरीत ओतला. आल्याचा तुकडा निघाला, तो दोघांनी उलटासुलटा करून बघितला.

भैरू आधी बोलायला लागला. एकदा सुरू झाला तो थांबेना. बापाची मेंढरं, लांडगा, कोकणातला पाऊस, एक्क्याण्णवचा ऊस, सगळं एका दमात. मग त्याला दर दहा मिनिटांनी बाहेर जावं लागायला लागलं आणि दर वेळी एक डाव्या बाजूनं, एक उजव्या बाजूनं असे दोघं राखणदार बरोबर जाऊन, आकाशाकडं बघत उभे राहायला लागले. मग हलगी सुरू झाली. या वेळी एकटी नव्हती, सनईसकट होती.

"म्या गोळी खाल्लीया," तो घाम पुसत सगळ्यांना सांगत होता. "सकाळीच खाल्लीया."

दोन वाजता अधिकारी आले. बारा मतं झाली. भैरू पडद्यामागं गेला. समोर कागद, कागदावर दोन नावं, हातात शिक्का. आत जाताना त्यानं काय ठरवलं होतं, हे त्यालाच ठाऊक. पण हात त्याचा राहिलेला नव्हता. शिक्का टेबलावर टकटक वाजत होता, तो बाहेर सगळ्यांना ऐकू येत होता. त्यानं तो डाव्या हातानं धरला, तेव्हा दोन्ही हात नाचायला लागले. डोळे मिटून त्यानं दाबला. शिक्का दोन नावांच्या मधल्या रेघेवर बसला. नीट करावं म्हणून पुन्हा दाबला, तो पुन्हा तिथंच.

सहा, सहा आणि एक बाद. अधिकाऱ्यांनी दोन चिठ्ठ्या टाकल्या, शिपायानं एक उचलली, विक्रम चेअरमन झाला.

गावात याला दुसरा अर्थच लागला. मेंढरामागं फिरलेला गडी, सगळे म्हणायला लागले, दोघांना एकाच काठीनं हाकलं यानं. बापूसाहेबांचं मत बुडालं म्हणून ते पेटले. विक्रम निवडून आला, पण भैरूच्या मतानं नाही, म्हणून त्याच्याही लेखी भैरू संपला. आणि भैरू घरी वाकळेवर पडून थरथरत होता.

"गोळी खाल्ली व्हती गं म्या."

तेव्हा भामाबाईनं त्याला सगळं सांगितलं. गोळी कसली, साखर कशी करपवायची, सुंठ कुणाची. भैरू उठून बसला.

"म्हंजी तीन म्हैनं गावानं मला चहा पाजलाच न्हाई?"

"गावानं न्हाई. बायकांनी."

"समदी हसत आसतील."

"हसत व्हत्या की," भामाबाई म्हणाली. "पर रोज येगळं पातेलं चढवत व्हत्या. तुमच्या एकट्यासाटी."

ते त्याच्या डोक्यात शिरलं नाही. त्याला एवढंच कळलं की त्याच्या मानाचा चहा म्हणजे जळकी साखर होती आणि आता तीही गेली. पुढचे चार दिवस तो गावातून गेला-आला. ओट्यांवर माणसं होती, कप होते, बश्या वाजत होत्या. हाक नव्हती. मत देऊन झालेल्या डायरेक्टरला कोण हाक मारतं? चौथ्या दिवशी त्यानं पुढचा रस्ता सोडला आणि बापूसाहेबांच्या वाड्यामागच्या बोळातून, कुणाची नजर नको म्हणून, खाली मान घालून निघाला.

"भावजी!"

मागच्या दारात साखरबाई उभ्या होत्या. "चार दीस झालं, कुटं हाय तुमी? रोज पातेलं चढवतीय आन् रोज म्हशीला पाजतीय. या चहाला."

भैरू दाराजवळ आला आणि थांबला. पाय उंबऱ्याच्या अलीकडं, बरोबर जिथं आई उभी राहायची तिथंच आपोआप थांबले. दोन्ही हात पुढं झाले होते, हे त्याच्या ध्यानात आलं तेव्हा त्यानं ते गडबडीनं मागं घेतले.

"तितं का उबं ऱ्हायला? आत या," साखरबाई म्हणाल्या आणि त्यांनी चुलीजवळ पाट टाकला. फडताळातून निळ्या फुलांचा कप काढला.

पुढच्या ओट्यावरून बापूसाहेबांचा आवाज आला, "कोन आलंय गं?"

"माझं पाव्हनं हायती," साखरबाईंनी तिथूनच सांगितलं. "मत मागाया न्हाई बलावलं, चहाला बलावलंय. तुमी पेपर वाचा."

ओट्यावर पेपराचं पान उलटल्याचा आवाज आला.

भैरूनं चहा बशीत ओतला. बशी हातात दगडासारखी स्थिर होती. त्यात चहा नाही, हे आता त्याला ठाऊक होतं आणि त्याला ते ठाऊक आहे, हे साखरबाईंनाही ठाऊक होतं. त्यानं फुर्र करून घोट घेतला. आलं, करपलेली साखर, गवती चहा, शेवटी जिभेवर जरा सुंठ. त्याचे डोळे भरून आले, ते त्यानं धुरावर ढकललं.

"वैनी, चहा लई झ्याक झालाय."

"आलं जादा न्हाई ना पडलं?"

"न्हाई. बराबर हाय."

तेवढ्यात भिंतीपलीकडून नीलमची हाक आली, "सासूबाई, झाला का भैरूमामांचा? झाला आसंल तर इकडं पाठवा, माझं दूध उतू चाललंय."

भैरू "आलो, आलो" म्हणत उठला आणि मागच्या मागं तिकडं गेला. त्या दिवशी त्याचे दोनच कप झाले. डॉक्टरांनी तेवढेच सांगितले होते.